ठरलेले घर हातचे जाते तेव्हा

आपल्या मंडळाच्या एका सभासद कुटुंबावर मागील वर्षी जो प्रसंग गुदरला, त्याची वार्ता डोकमर्डीतील पुष्कळ घरी पोहोचलेली आहे. त्या कुटुंबाच्या संमतीने, परंतु नावे गाळून, तो येथे लिहावयास घेतला आहे. असा प्रसंग आपल्यापैकी कोणावरही येण्याजोगा आहे. आणि तो आल्यावर काय करावे हे ठाऊक नसल्यामुळे मूळ हानीपेक्षा मागाहूनची हानी मोठी होते, हे मी एकाहून अधिक घरी पाहिले आहे.

पती येथील कारखान्यात नोकरीस, पत्नी घरी शिवणकाम करणारी, दोन मुले शाळेत शिकणारी. चौदा वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्यावर त्यांनी डोकमर्डीतच एक जुने पण भक्कम बैठे घर पाहिले. किंमत 31 लाख रुपये ठरली. 2 लाख रुपये इसार देऊन पावती झाली आणि खरेदीखत अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात करावयाचे ठरले. बँकेने कर्ज मंजूर केले. बाईंनी आपल्या चार बांगड्या मोडल्या. गावाकडील शेतातील स्वतःचा हिस्सा पतीने थोरल्या भावास देऊन त्याची रक्कम आणली. घरमालकास खोल्या सोडीत असल्याची सूचना दिली गेली. देव्हारा कोणत्या भिंतीस ठेवावयाचा आणि शिवणयंत्र कोणत्या खिडकीशी, हेही ठरून गेले. खरेदीखतास अकरा दिवस उरले असता मध्यस्थामार्फत निरोप आला की, मालकांचा विचार बदलला आहे, घर विकावयाचे नाही, इसार परत घेऊन जावा.

त्या रात्री ते गृहस्थ माझ्याकडे आले. ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "काका, आमचं घर गेलं."

मी विचारले, "घर तुमचं झालं होतं का?"

प्रश्न कठोर होता, हे मला विचारतानाच जाणवले. पण या सर्व प्रकरणाची किल्ली त्या प्रश्नात आहे, म्हणून तो टाळून चालत नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा जो 1882 चा कायदा आहे, त्याच्या 54 व्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की, विक्रीचा नुसता करार झाल्याने त्या मिळकतीत घेणाऱ्याचा कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. साठेखत म्हणा, इसारपावती म्हणा, किंवा आपले गुजराती शेजारी म्हणतात तसे बानाखत म्हणा, तो पुढे खरेदीखत करून देण्याचा शब्द होय. घर तुमचे होते ते नोंदविलेल्या खरेदीखताने. शब्द मोडला गेला तर तुमचा हक्क असतो तो शब्द देणाऱ्या माणसाविरुद्ध. घराच्या भिंतींवर तो अद्याप पोहोचलेला नसतो. कुलमुखत्यारपत्र व ताबा घेऊन 'घर घेतले' असे समजणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली अशा व्यवहारांनी मालकी जात नाही असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

ठरले काय आणि कागदावर उतरले काय, यांतील अंतर किती दूरवर जाऊ शकते याचे उदाहरण शोधण्यास आपणास दूर जावयास नको. आपण ज्या भूमीवर राहतो तिचीच कथा घ्या. मराठ्यांच्या आरमाराकडून पोर्तुगीजांच्या एका जहाजाची हानी झाली, तिच्या भरपाईसंबंधाने पुण्याच्या दरबाराने 1779 च्या तहात दमण भागात 12,000 रुपये उत्पन्नाची गावे लावून देण्याचे मान्य केले. ठरले 1779 मध्ये. सनदा निघाल्या त्या 1783 व 1785 मध्ये. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, 1954 मध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाल्यावर, पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दमणहून येथे येण्याच्या वाटेचा हक्क मागितला, तेव्हा तोच तह व त्याच सनदा न्यायाधीशांपुढे उलगडल्या गेल्या. 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने असे ठरविले की, मराठ्यांनी त्या कागदांनी दिले ते केवळ उत्पन्न होते, भूमीचे स्वामित्व दिलेच नव्हते. पोर्तुगीजांचे स्वामित्व पुढे इंग्रजांनी मुकाट्याने मानले, ही गोष्ट वेगळी. राज्यकर्त्यांची जेथे ही गत, तेथे दहा ओळींची इसारपावती आपण दिव्याखाली धरून दोनदा वाचावी हे बरे.

म्हणून मी त्या गृहस्थांस म्हणालो, "पावती आणा." ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तीत किंमत होती, इसाराची रक्कम होती, खरेदीखताची मुदत होती. सौदा मोडल्यास काय, याविषयी अक्षरही नव्हते. आणि सही होती एकट्या विक्रेत्याची. घराची कागदपत्रे पाहिली तेव्हा कळले की घर पतिपत्नी दोघांच्या नावे होते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

इसाराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण याविषयी आपल्या लोकांत दोन परस्परविरुद्ध समजुती आहेत. कोणी म्हणतो, इसार दिला म्हणजे सौदा पक्का, कोणीही हलू शकत नाही. कोणी म्हणतो, इसार परत केला म्हणजे विक्रेता मोकळा. दोन्ही चुकीच्या आहेत. इसार या वस्तूचे मूळ फार जुने आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तिला 'सत्यंकार' असे सुंदर नाव आहे : जे शब्दाला खरे करते ते. तेथील नियम असा की, सत्यंकार म्हणून घेतलेले द्रव्य, शब्द मोडणाऱ्याने दुप्पट करून परत द्यावे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत याचे स्पष्टीकरण करताना अंगठीचे उदाहरण घेतले आहे. खरेदीविक्री ठरविताना एकाने दुसऱ्याच्या हाती अंगठी ठेवली. ठेवणारा फिरला तर अंगठी गेली, घेणारा फिरला तर त्याने अंगठीच्या दुप्पट द्यावे. मौज अशी की, याच भूमीवर पोर्तुगीजांचा अंमल असताना त्यांचा जो 1867 चा दिवाणी कायदा होता, त्यातही हाच नियम आढळतो : खरेदीच्या वचनासोबत इसार दिला असेल तर देणाऱ्याने मोडल्यास तो जावा, घेणाऱ्याने मोडल्यास दुप्पट परत करावा. याज्ञवल्क्याची व लिस्बनच्या विधिज्ञांची गाठ कधी पडली असेल असे नाही. परंतु माणूस कोठे व कशाने फिरतो हे दोघांनीही सारखेच ओळखले होते.

आजचा आपला कायदा मात्र दुप्पट आपोआप देत नाही. करारात तसे कलम असेल, तरीही 1872 च्या करार कायद्याच्या 74 व्या कलमाप्रमाणे न्यायालय पाहते ती वाजवी भरपाई. करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा ठरते. परंतु उलटपक्षी, कायदा विक्रेत्यास इसार परत करून सुटण्याची मुभाही देत नाही, जोपर्यंत करारातच तशी सवलत ठेवलेली नाही. घर ही बाजारातून दुसरी आणता येण्याजोगी वस्तू नव्हे. म्हणून घेणाऱ्यास पैसाच नव्हे, प्रत्यक्ष घर मागण्याचा, म्हणजे करार पुरा करून घेण्याचा दावा लावता येतो. 1963 च्या कायद्यात ही गोष्ट पूर्वी न्यायाधीशाच्या विवेकावर होती. 1 ऑक्टोबर 2018 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तो विवेक पुष्कळच आवरला असून, कायद्यात सांगितलेले अपवाद सोडता न्यायालयाने करार पुरा करवून द्यावा असा नियम झाला आहे. शिवाय घेणाऱ्याने दिलेल्या रकमेचा बोजा, सौदा विक्रेत्याच्या दोषाने मोडला असता, 1882 च्याच कायद्याने त्या मिळकतीवर राहतो. घर हाती आलेले नसले तरी घेणारा अगदीच निराधार नाही, तो असा.

आता मनाकडे वळतो; कारण त्या कुटुंबात पहिला पंधरवडा कायद्याने नव्हे, दुःखाने खाल्ला. गृहस्थ कारखान्यातून परतताना रोज वाट वाकडी करून त्या घरावरून जात. बाईंनी शेजारणींकडे जाणे सोडले. नव्या घरी मैत्रिणींना हळदीकुंकवास बोलावले होते, त्यांना आता काय सांगावे? धाकटा मुलगा विचारी की आपले घर त्या लोकांनी का घेतले. वडीलधारे येत आणि म्हणत, "जाऊ द्या, नशिबात नव्हते". आणि प्रत्येक वेळी बाई आत निघून जात. मला वाटते, असे सांत्वन करणाऱ्यांनी थोडे थांबावे. ज्या घरात मनाने संसार मांडून झाला, ते गेल्याचे दुःख खरेच असते, मग कायदा काहीही म्हणो.

याविषयी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. काह्नेमन, नेट्श व थेलर या अभ्यासकांनी 1990 साली तो प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांस कॉफीचे साधे पेले देऊन ते कितीला विकाल असे विचारले. पेले न मिळालेल्यांस विचारले, कितीला घ्याल? पेला हाती येऊन थोडाच वेळ झालेल्यांनी घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक किंमत सांगितली. वस्तू आपली वाटू लागली की तिचे मोल मनात चढते आणि ती जाण्याचे दुःख ती मिळण्याच्या सुखाहून जड होते. पेल्याची ही कथा, तर चौदा वर्षे वाट पाहिलेल्या घराची काय असेल? मात्र हेच सूत्र विक्रेत्यासही लागू आहे, हे विसरता कामा नये. त्यानेही त्या घरात वर्षानुवर्षे काढलेली असतात, आणि सही करण्याचा दिवस जवळ आला की त्यालाही ते घर एकाएकी अमोल दिसू लागते. पुष्कळ सौदे जास्त भावाच्या लोभाने मोडतात, यात शंका नाही. पण सगळेच तसे मोडत नाहीत.

दुःखाला अवधी द्यावा, तथापि काही कामे त्या अवधीतच उरकावी लागतात. ती मी त्या कुटुंबाकडून आग्रहाने करवून घेतली. सर्वांत आधी घरमालकाकडे जाऊन खोल्या सोडण्याची सूचना मागे घेणे; कारण एक घर हातचे गेलेले असता राहते घरही जाण्याची पाळी येऊ नये. मग बँकेस लेखी कळवून कर्जाची मंजुरी किती काळ टिकते हे विचारणे. शेताच्या हिश्श्याची व बांगड्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून तिला हात न लावणे. मध्यस्थाने दलालीचा पहिला हप्ता घेतला होता, त्याची पावती शोधणे. आणि विक्रेत्याकडून पुन्हा निरोप आला तर तोंडी उत्तर न देणे.

हे शेवटचे का, ते सांगतो. करार पुरा करून मागणाऱ्याने न्यायालयापुढे एक गोष्ट सिद्ध करावी लागते : आपण आपल्या बाजूने पैसे देऊन खरेदीखत करून घेण्यास पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार व राजी होतो. रोकड न्यायालयात नेऊन ठेवावी लागते असे नाही, जोवर न्यायालय तसा हुकूम करीत नाही. पण तयारी दाखविणारे कागद हवेत. बँकेचे मंजुरीपत्र, खात्याचा उतारा, आणि 'अमुक तारखेस आम्ही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हजर राहू, आपण यावे' असे पोचपावतीसह टपालाने पाठविलेले पत्र, ही ती साधने होत. रागाच्या भरात फोनवर "नको तुमचं घर" असे एकदा बोलून गेले की हीच तयारी डळमळते. आमच्या गृहस्थांनी ते वाक्य ओठावर आणले होते. बाईंनी हातातून फोन काढून घेतला, म्हणून ते राहिले.

वकिलामार्फत नोटीस पाठविण्यास संकोच करू नये. आपल्याकडे नोटीस म्हणजे भांडण असे समजतात. वस्तुतः ती आपले म्हणणे तारीखवार लिहून ठेवणे होय, आणि अनेक सौदे नोटिशीनंतरच्या पहिल्या बैठकीत सुटतात. मुदतीची गोष्टही येथेच सांगतो : करारात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर तेव्हापासून, नसेल तर नकार कळल्यापासून, 3 वर्षांच्या आत दावा लागला पाहिजे. परंतु 3 वर्षे आहेत म्हणून बसून राहणाऱ्याकडे न्यायालय कौतुकाने पाहत नाही. भाव चढत असता घेणारा गप्प बसला आणि मग जुन्या किमतीत घर मागू लागला, असा संशय विक्रेत्याचा वकील घेतल्यावाचून राहत नाही. साठेखत नोंदविलेले नसले तरी अशा दाव्यात ते कराराचा पुरावा म्हणून घेता येते, किंबहुना तोंडी ठरावही कायद्यात अग्राह्य नाही. पण तो सिद्ध करताना साक्षीदारांचे व नात्यांचे जे हाल होतात, ते शत्रूच्याही वाट्यास न येवोत. दाव्यात मुख्य मागणी घराची, आणि ती न मिळाल्यास इसार व्याजासह परत मिळावा ही पर्यायी मागणी, अशा दोन्ही एकाच वेळी कराव्या. दुसरी मागणी लिहिलीच नाही तर न्यायालय ती आपण होऊन देत नाही. दाव्याच्या निकालापर्यंत घर तिसऱ्याला विकू नये असा मनाई हुकूमही मागता येतो. हे अगत्याचे आहे, कारण पहिल्या कराराची माहिती नसलेल्या, पैसे मोजून प्रामाणिकपणे घेणाऱ्या तिसऱ्या माणसापुढे आपला दावा टिकत नाही. महाराष्ट्रात अशा दाव्याची नोटीस नोंदणी कचेरीत नोंदवावी लागते. आपल्या सिल्वासात कोणती रीत, ते वकिलास विचारून घ्यावे.

पोलिसांकडे जाण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. नुसता शब्द मोडणे हा फसवणुकीचा गुन्हा नव्हे; पहिल्यापासूनच फसविण्याचा हेतू होता असे दाखविता आले तरच तो गुन्हा होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. एकच घर दोघांस विकणे, दुसऱ्याचे घर आपले म्हणून दाखविणे, ही प्रकरणे निराळी. फिरलेल्या विक्रेत्याला घाबरविण्यासाठी फिर्याद देणे मला तरी प्रशस्त वाटत नाही, आणि ते बहुधा उलटतेही.

विक्रेता बिल्डर असेल तर वाट पुष्कळ सुकर आहे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे, ज्या प्रकल्पांस तो लागू आहे तेथे, नोंदविलेल्या करारावाचून किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि कराराच्या अटींबाहेर जाऊन त्यास घर रद्द करता येत नाही. आपल्या संघराज्य प्रदेशासाठी महाराष्ट्राचेच प्राधिकरण, लोक ज्यास महारेरा म्हणतात ते, काम पाहते. पण जुने घर खाजगी मालकाकडून घेणाऱ्यास हा आश्रय नाही, आणि डोकमर्डीत आपण घेतो ती घरे बहुधा तशीच असतात.

मग लढावे की सोडावे? कायदा आपल्या बाजूचा असला म्हणून लढलेच पाहिजे असे नाही. याविषयी दिल्लीतील एका घराची कथा ऐकण्यासारखी आहे. कादंबरीकार सलमान रश्दी यांचे वडील अनीस अहमद रश्दी यांनी 1970 साली दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समधील आपले घर भिकू राम जैन या काँग्रेसच्या पुढाऱ्यास 3 लाख 75 हजार रुपयांस विकण्याचा करार केला आणि 50 हजार रुपये इसार घेतला. खरेदीखत झाले नाही. 1977 साली दावा लागला. तो खालच्या न्यायालयातून वर, एका पिढीकडून दुसरीकडे असा चालत राहिला आणि डिसेंबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विक्री झालीच पाहिजे, परंतु इतकी वर्षे लोटली असल्याने किंमत निकालाच्या दिवशीच्या बाजारभावाने द्यावी. करारापासून 42 वर्षे गेली. करार करणाऱ्या पिढीऐवजी त्यांची मुले वादीप्रतिवादी झाली. आणि जुनी किंमत, जिच्यासाठी माणूस लढतो, तीही राहिली नाही. 2018 च्या दुरुस्तीने असे दावे समन्स बजावल्यापासून 12 महिन्यांत, फार तर आणखी 6 महिन्यांत निकाली काढावे असे म्हटले आहे. हेतू स्तुत्य आहे. पण आपल्या मुलाच्या दहावीचे वर्ष त्या बारा महिन्यांच्या भरवशावर कोणी मोजू नये.

माझे मत स्पष्ट सांगतो. ज्याच्यापाशी नोंदविलेले साठेखत आहे, ज्याने किमतीचा मोठा भाग दिलेला आहे, ज्याच्या कागदावर सर्व मालकांच्या सह्या आहेत, आणि ज्याचा संसार दाव्याच्या निकालावाचूनही चालू शकतो, त्याने लढावे. त्याने सोडून देणे हे औदार्य नव्हे, ती गाफिली ठरेल. ज्याने किमतीचा अल्प अंश दिला आहे, ज्याचा कागद तोकडा आहे आणि ज्याचे जमविलेले पैसे दाव्यात अडकून पडतील, त्याने नोटीस द्यावी, बैठक करावी, इसार, खर्च व नुकसान वसूल करावे आणि मोकळे व्हावे. घरांचे भाव चढत असता दोन वर्षे वाट पाहणाऱ्यास, दावा जिंकूनही, पूर्वीच्या पैशात पूर्वीसारखे घर मिळत नाही. कोणत्या बाजूस जावयाचे ते पतिपत्नींनी मिळून, एक तारीख ठरवून, त्या तारखेस निश्चित करावे. रोज रात्री जेवताना तोच विषय काढणे आणि रोज निर्णय पुढे ढकलणे, याने घरातील अन्न कडू होते.

आमच्या कुटुंबाने नोटिशीनंतर वीस दिवसांची तारीख ठरविली. त्या अवधीत, उभय पक्षांस मान्य अशा एका ज्येष्ठ गृहस्थांसह मी विक्रेत्याकडे गेलो. मध्यस्थाने बाहेर सांगितले होते की 36 लाखांचे गिऱ्हाईक आले आहे. खरे काय ते आत गेल्यावर कळले. परगावी राहणाऱ्या मुलाने आग्रह धरला, म्हणून गृहस्थांनी घर विकण्याचे ठरविले. पत्नीस विचारले नाही. घर दोघांच्या नावे आहे आणि आपली सही लागेल, हे त्या माउलीस इसार घेऊन झाल्यावर कळले. तिने एवढेच म्हटले, "मी सही करणार नाही. मला या अंगणातूनच जायचंय." 36 लाखांचे गिऱ्हाईक कोणी पाहिले नव्हते.

येथे विक्रेत्यांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. आपल्या मंडळात घरे घेणारे आहेत तसे विकणारेही आहेत. मनुस्मृतीत वादाची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत क्रयविक्रयानुशय हे एक आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. घेऊन किंवा विकून ज्यास पश्चात्ताप झाला, त्याने दहा दिवसांत ती वस्तू परत करावी किंवा परत घ्यावी, असे तेथे म्हटले आहे. कौटिल्याने व्यापाऱ्यास एकच दिवस दिला आहे आणि शेतकऱ्यास तीन. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहत् इतिहासात या पदाचा परामर्श घेतलेला आहे. हे नियम आज न्यायालयात चालत नाहीत; परंतु त्यांत एक जाण आहे. माणसाचे मन फिरते, हे त्या शास्त्रकारांनी लाजिरवाणे मानले नाही; त्यांनी फिरण्यास मुदत घातली. आमच्या विक्रेत्याची चूक मन बदलण्यात नव्हती. पत्नीचा नकार त्यांस कळल्यावर सात आठवडे ते गप्प राहिले, आणि त्या सात आठवड्यांत बांगड्या मोडल्या गेल्या, शेत गेले. ज्यास विकावयाचे नाही असे वाटू लागले त्याने त्याच दिवशी, स्वतः, घेणाऱ्याच्या दारी जाऊन सांगावे. मध्यस्थाकरवी निरोप धाडू नये. आणि समोरच्याने मागण्याची वाट न पाहता इसार, त्यावरील व्याज, बँकेचे शुल्क, मुद्रांकाचा खर्च हे सर्व मोजून पुढे ठेवावे.

त्या बैठकीत आवाज चढले, हे लपवीत नाही. आमचे गृहस्थ एकदा उठूनही गेले. पावतीवर एकच सही असल्याने घराची मागणी न्यायालयात कितपत टिकेल याविषयी वकिलांनी त्यांना आधीच सावध केले होते, आणि विक्रेत्यासही त्याच्या वकिलाने सांगितले होते की रकमेची जबाबदारी काही टळणार नाही. दोन्हीकडे थोडी थोडी भीती होती, म्हणून तडजोड झाली. 2 लाख इसार, त्यावर व्याज, बँकेचे व वकिलाचे शुल्क, दलालीचा गेलेला हप्ता, आणि बांगड्या मोडताना सोनाराने जी घट कापली ती, असे मिळून 2 लाख 38 हजार रुपये ठरले. रक्कम धनाकर्षाने घेतली, तो खात्यात जमा होईपर्यंत मूळ पावती परत केली नाही, आणि मग सौदा उभयतांच्या संमतीने रद्द झाल्याचा लेख करून दोन्ही बाजूंच्या चौघांनी त्यावर सह्या केल्या. चौथी सही त्या माउलीची. सही करून तिने आमच्या बाईंच्या हाती ओल्या नारळाची ओटी ठेवू पाहिली. बाईंनी ती घेतली नाही. माझ्या मते त्यात त्यांचे काही चुकले नाही.

शेताचा हिस्सा परत मिळाला नाही. भावाने तेथे विहिरीचे काम काढले होते. बांगड्यांपैकी दोन नव्याने झाल्या. कर्जाची मंजुरी मुदत संपून गेली आणि ती नव्याने मागावी लागेल. गृहस्थ आता कारखान्यातून सरळ वाटेने घरी येतात. कार्तिकात त्यांनी एक दुसरे घर पाहिले. मालक तिघे भाऊ होते, पैकी एक परदेशी. बाईंनी इसार देण्यापूर्वी त्या तिसऱ्या भावाचे संमतीपत्र मागितले, ते आले नाही, म्हणून ते घर त्यांनी पाहून सोडले. शोध चालू आहे. भाड्याच्या खोल्यांचे भाडे मात्र घरमालकाने, एकदा सोडण्याची सूचना दिली होती या सबबीवर, दरमहा 500 रुपयांनी वाढविले. ते ती मंडळी देत आहेत.